बोरिंग, नर्मदा आणि तिघींचे केस

आमच्या घरात दोन प्रकारचं पाणी येतं. स्वयंपाकघरातल्या एका नळाला नर्मदा, म्हणजे नदीचं पाणी; बाकी न्हाणीघर, गीझर, बेसिन, कपड्यांचं मशीन, सगळीकडे बोरिंग, म्हणजे बोअरवेलचं. इंदूरच्या नव्या वस्त्यांमधल्या पुष्कळ सोसायट्यांत अशीच वाटणी असते. नर्मदा दिवसाआड येते, तीही ठरलेल्या वेळी. म्हणून ती हौदात साठवून पिण्या-स्वयंपाकाला पुरवायची आणि अंघोळ-धुणं जमिनीखालच्या पाण्यावर भागवायचं. रामबागेतल्या जुन्या घरी बंबातही नर्मदाच असायची, त्यामुळे पाण्यापाण्यात एवढं अंतर असतं हे कधी जाणवलंच नव्हतं. बायपासकडच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो आणि वर्षाच्या आत घरातल्या तिघी बायकांच्या तीन तक्रारी सुरू झाल्या.

माझे केस धुतल्यावरही चरचरीत राहू लागले. शाम्पू दुप्पट घेतला तरी फेस धरायचा नाही, आणि वाळल्यावर केसांवर काहीतरी बसून राहिल्याची भावना जायची नाही. कंगवा मध्येच अडायचा, टोकं तुटायची. लेकीचा शेपटा बघता बघता निम्मा झाला. मोरीच्या जाळीवर तिच्या केसांची गुंतवळ बघून माझ्या पोटात गोळा यायचा. सासूबाईंचे केस पांढरेशुभ्र होते, त्यांना पिवळट झाक आली.

सोसायटीत ज्यांना विचारावं त्यांचं उत्तर एकच: बोरिंगच्या पाण्यानं केस जातातच. कोणी तेल सुचवलं, कोणी महागडा शाम्पू, कोणी टाकीत तुरटी फिरवायला सांगितली. मला आधी हे समजून घ्यायचं होतं की पाण्यात नेमकं आहे काय, आणि त्यातलं केसाला काय लागतं. माझी नणंद कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वन्संना फोन केला. त्यांनी पाण्याबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, "वहिनी, केस गळतायत की तुटतायत?"

मला तेव्हा हे दोन्ही एकच वाटत होतं. त्यांनी सांगितलं तसं मी एक धुतलेला पांढरा पंचा अंथरला आणि तिघींची गुंतवळ वेगवेगळी त्यावर पसरली. मुळापासून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला बारीकसा पांढरा मणी दिसतो, आणि केस पूर्ण लांबीचा असतो. तुटलेल्या केसाला मणी नसतो; तुकडे आखूड, लहानमोठे. उजेडात, चष्मा लावून बसलं की सहज ओळखू येतं. माझ्या ढिगात बहुतेक तुकडे होते. लेकीच्या ढिगात बहुतेक पूर्ण लांबीचे केस, मणी असलेले. एकच न्हाणीघर, एकच पाणी, आणि तरी दोघींच्या तक्रारी मुळातच वेगळ्या होत्या. या पंचापासून पुढचा सगळा विचार बदलला, म्हणून सांगते: कोणतंही यंत्र किंवा बाटली विकत घेण्याआधी एवढं करून बघा. त्याला एक पैसा लागत नाही.

लेकीला आम्ही त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी पाण्याचा विषय ऐकून घेतला आणि मग विचारलं, मागच्या तीन-चार महिन्यांत ताप वगैरे आला होता का? आला होता. पावसाळ्याच्या शेवटी तिला डेंगी झाला होता. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, एकदम घटवलेलं वजन, अशा कुठल्याही धक्क्यानंतर वाढीच्या अवस्थेतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकगठ्ठा गळतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. एरवीही डोक्यावरचे ५० ते १०० केस रोज गळतात आणि त्यांच्या जागी नवे येत असतात. या गळतीत तो आकडा खूप वाढतो. बाईंनी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासायला लावलं. थायरॉइड ठीक निघालं, फेरिटिन बरंच खाली होतं, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा रिकामा होत आला होता. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. निघताना त्या म्हणाल्या, "पाणी बदललं म्हणून हे थांबणार नाही, आणि पाणी तेच राहिलं म्हणून सुरूही राहणार नाही." तसंच झालं. काही महिन्यांत भांगाजवळ बारीक नवे केस उभे दिसायला लागले, आणि घरात तेव्हाही बोरिंगच होतं.

मला याची काळजी वाटते, कारण सोसायटीत मी अशा मुली बघते ज्यांच्या घरी केसांचा दोष पाण्यावर टाकून विषय मिटवलेला असतो. मुलगी थकलेली असते, पाळीत रक्तस्राव जास्त होत असतो, नखं फिकी दिसतात, आणि घरात मात्र शॉवरला लावायच्या फिल्टरची चर्चा. केस मुळापासून जात असतील तर आधी रक्त तपासून घ्या.

आता माझ्या ढिगाकडे. तुटलेल्या केसांचा संबंध पाण्याशी असू शकतो, असं वन्संचं म्हणणं होतं, पण त्याआधी पाणी मोजायला हवं. याच सुमारास पाणी शुद्ध करण्याची यंत्रं विकणारा एक मुलगा दारी आला. त्यानं खिशातला टीडीएस मीटर बोरिंगच्या पाण्यात धरला, ८६० दाखवले. मग एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं, दोन्हींत लोखंडी दांड्या असलेलं एक उपकरण बुडवून वीज सोडली. आमचा ग्लास तपकिरी, गढूळ झाला. त्याचा स्वच्छ राहिला. सासूबाई घाबरल्या. "हेच आपण डोक्यावर ओततो?" म्हणाल्या.

वन्संनी फोनवरच उलगडा केला. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की ती लोखंडी दांडीच विरघळू लागते. तपकिरी दिसतो तो दांडीच्या लोखंडाचा गंज. क्षार जवळजवळ नसलेल्या पाण्यातून वीज वाहतच नाही, म्हणून तो ग्लास तसाच राहतो. त्यात चिमूटभर मीठ टाकून बघा, तोही तपकिरी होईल. टीडीएस मीटरचंही तसंच आहे. ते पाण्यातून वीज किती वाहते एवढंच मोजतं आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. त्यात मीठ किती, चुना किती, हे त्याला कळत नाही. आणि केसांचा, साबणाचा, डाळ न शिजण्याचा संबंध आहे तो चुन्याशी, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी. त्या दोघांचं मोजमाप म्हणजे हार्डनेस, पाण्याचा जडपणा, आणि तो प्रयोगशाळेतच नीट कळतो.

नमुना कसा घ्यायचा हेही त्यांनीच सांगितलं. नळ काही मिनिटं वाहू द्यायचा, स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीन वेळा विसळायची, काठोकाठ भरून झाकण घट्ट लावायचं, वर तारीख आणि पाणी कुठलं ते लिहायचं. मी एक बाटली बोरिंगची भरली, एक नर्मदेची. वन्संच्या कॉलेजात जाऊन मी ती चाचणी डोळ्यांनी पाहिली. पाण्यात एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा रंगद्रव्याचा कण टाकला की पाणी दारूसारखं लाल होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, थेंब थेंब ईडीटीए नावाचं रसायन सोडायचं. ईडीटीए एकेक करून सगळं कॅल्शियम-मॅग्नेशियम पकडून टाकतं, आणि शेवटचा कण पकडला गेला की लाल पाणी एकदम निळं होतं. नर्मदेचं पाणी लवकर निळं झालं. बोरिंगचं होईचना, ब्युरेट रिकामं होत चाललं तरी लालच.

आकडे असे आले: बोरिंगचा हार्डनेस लिटरला ५४० मिलिग्रॅम, नर्मदेचा १३०. नंतर एका खासगी प्रयोगशाळेतूनही करून घेतलं, फार फरक नव्हता; लोह आणि क्लोराइड मर्यादेत निघाले. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, हार्डनेस २०० पर्यंत चांगला धरतात आणि दुसरं पाणी उपलब्धच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे आमचं बोरिंग विषारी वगैरे मुळीच नव्हतं. ते जड होतं, खूप जड.

माळव्याचं पठार काळ्या बेसॉल्टचं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं, आणि खडकाच्या भेगांतून उतरताना त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम विरघळवत जातं. जितकं खोल आणि जितका काळ मुरलेलं, तितकं सहसा जड. नर्मदेचं पाणी वाहतं असतं. मंडलेश्वरजवळ जलूदला उचलून, विंध्याची चढण पंपांनी चढवून, सुमारे ७० किलोमीटर आणलेलं. ते १९७८ साली पहिल्यांदा शहरात आलं तेव्हाचा आनंद सासूबाईंना लख्ख आठवतो. त्याआधी यशवंतसागर आणि बिलावली हे तलाव, आणि वाड्यातल्या विहिरी. त्यांच्या आईनं पावसाळ्यात पागोळ्यांखाली घंगाळं ठेवून ते पाणी मुलींच्या न्हाण्यासाठी राखलेलं त्यांनी सांगितलं. पहिल्या सरींचं घाण म्हणून सोडून द्यायचं, नंतरचं धरायचं. पावसाच्या पाण्यात चुना नसतोच. त्या बायकांना हार्डनेसचा आकडा ठाऊक नव्हता, पण कोणत्या पाण्यानं केस मऊ राहतात हे बरोबर ठाऊक होतं.

केसावर होतं ते असं. केसाचं बाहेरचं आवरण कौलांसारख्या एकावर एक बसलेल्या खवल्यांचं असतं. नेहमीच्या पाण्यात केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे कण धन भाराचे, म्हणून ते केसाला धरून बसतात. साबण लावला तर भर पडते: साबण आणि चुना मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो, बादलीच्या कडेला पांढरं कडं धरतं तोच. शाम्पूत सहसा साबण नसतो, त्यामुळे साका कमी, पण फेस मरतो आणि आपण शाम्पू वाढवत जातो. केस खरखरीत झाले की विंचरताना एकमेकांत अडकतात, ओढले जातात आणि तुटतात. रंगवलेल्या केसांत ऋण भाराच्या जागा जास्त उघड्या पडतात, म्हणून ते जास्त क्षार धरतात. मी केसांना रंग लावते, लेक लावत नाही. माझे जास्त खराब का झाले, याचं एक कारण इथे असावं.

जड पाण्यानं केसाची ताकदच कमी होते का, यावर संशोधकांचं एकमत नाही. कोइम्बतूरच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे २१२ हार्डनेसच्या पाण्यात ३० दिवस प्रक्रिया केलेले केस आणि डिस्टिल्ड पाण्यातले केस ताणून पाहिले. ताकदीत लक्षणीय फरक दिसला नाही. पाकिस्तानातल्या २०१८ च्या अभ्यासात ७० पुरुषांच्या केसांवर तसाच प्रयोग झाला आणि जड पाण्यातले केस कमकुवत निघाले. दोन्ही अभ्यास लहान आहेत. दोन्ही कापलेल्या केसांवर आहेत. जड पाणी मुळाला इजा करून टक्कल पाडतं, असं त्यांतून निघत नाही. केस चरचरीत होणं आणि त्यामुळे तुटणं, इथपर्यंत मी पाण्याला जबाबदार धरते. त्यापुढे नाही.

उपायांत सगळ्यात साधा उपाय सगळ्यात जास्त उपयोगी पडला. केस बोरिंगच्याच पाण्यानं धुवायचे आणि शेवटी नर्मदेचे तीन-चार तांबे डोक्यावरून घ्यायचे. नर्मदा आली की पिण्याचं भरून झाल्यावर एक बादली न्हाणीघरात जाते, आणि न्हाण्याचा दिवस त्यावर ठरतो. पाणी फार लागत नाही. शेवटी केसावर वाळतं ते पाणी हलकं असलं म्हणजे झालं. पहिल्या काही न्हाण्यांतच कंगवा सुटा फिरायला लागला.

शिकेकाईही परत आणली. शिकेकाई-रिठ्यातला फेस सॅपोनिनचा असतो. ते साबण नव्हे, त्यामुळे चुन्याशी त्याचा साका होत नाही, आणि शिकेकाई किंचित आंबट असल्यानं केसाचे खवले मिटतात. नीट गाळून घ्यावी लागते, नाहीतर भुकटी केसांत राहून वेगळाच त्रास. आधी बसलेला थर काढायला मी तांब्याभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून एकदा केसांवरून घेते आणि लगेच धुते. लिंबू तसंच टाळूवर चोळू नका. टाळूला ओरखडे किंवा खाज असेल तर व्हिनेगरही नको. क्षार काढण्यासाठी म्हणून मिळणारे शाम्पू असतात, त्यांच्या घटकांत ईडीटीए असतं, चाचणीत कॅल्शियम पकडणारं तेच. महिन्यातून एखाद्या वेळी पुरतो, रोज वापरला तर केस कोरडे होतात. सासूबाईंच्या केसांची पिवळी झाक शिकेकाई आणि नर्मदेनं बरीच उतरली.

तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जडपणा कमी होत नाही. शॉवरला लावायचे छोटे फिल्टर मुख्यतः क्लोरीन आणि गाळ धरतात; त्यांच्यात मावेल एवढ्या मालानं ५४० चा चुना निघणं शक्य नाही. उकळल्यानं काही चुना खाली बसतो, गीझरच्या रॉडवर जमतो तो हाच, पण सगळा नाही.

मग सॉफ्टनर. त्यात रेझिनचे बारीक मणी असतात. ते पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुऊन पुन्हा तयार करायचे. आम्ही न्हाणीघराच्या लाइनवर छोटा बसवला. पाणी अंगाला निसरडं लागतं, शाम्पू निम्मा पुरतो, गीझरचा रॉड स्वच्छ राहतो. बसवणाऱ्यांनी न सांगितलेल्या गोष्टी मात्र इथे लिहून ठेवते. सॉफ्टनरनंतर टीडीएस कमी होत नाही, त्यामुळे मीटर लावून निराश होऊ नका. हार्डनेसची थेंबांची चाचणी करा. ५४० चा जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे जवळजवळ २५० मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. सासूबाईंना रक्तदाब आहे, म्हणून त्या नळाचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला येऊ द्यायचं नाही असं घरात ठरलं आहे. तुळशीला आणि कुंड्यांनाही ते घालायचं नाही, सोडियमनं माती बिघडते. मणी धुतलेलं खारट पाणीही बागेत सोडायचं नाही.

केस मात्र मागे जाऊन दुरुस्त होत नाहीत. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. तुटलेलं टोक कापावं लागतं आणि नवा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. माझ्या खांद्यापर्यंतच्या केसांत फरक मुळाकडून खाली उतरत आला, तेवढा धीर धरावा लागला.

सोसायटीच्या सभेत मी दोन्ही अहवाल ठेवले. सगळ्या इमारतीसाठी एक मोठा सॉफ्टनर बसवायचा प्रस्ताव आहे. खारट पाणी सोडायचं कुठे यावर अडलं आहे, आणि ते अडणं मला योग्य वाटतं. तोवर एवढं ठरलं की बोरिंगचं पाणी वर्षातून दोनदा तपासायचं, एकदा पावसाळ्यानंतर आणि एकदा मे महिन्यात, पातळी खाली गेलेली असताना. उन्हाळ्यात टँकरही येतात आणि प्रत्येक टँकरचं पाणी वेगळ्या बोरिंगचं असतं, म्हणून टँकरच्या पाण्याचाही नमुना घ्यायचा. बाटल्या भरायचं काम माझ्याकडे आहे. खालच्या मजल्यावरच्या तिघीजणींनी त्यांच्या मुलींच्या गुंतवळीचा पंचा मला आणून दाखवला. दोघींना मी आधी फेरिटिन करून घ्यायला सांगितलं.